छज्ज्यावरची दोन अंडी

शेजारच्या घरात पहिला हातोडा पडला तेव्हा झवेरबेन थेपलं लाटत होत्या. ओट्यावरचे डबे थरथरले, मिठाच्या बरणीचं झाकण निसटून खाली पडलं आणि पोळपाटावर पांढरी बारीक धूळ येऊन बसली.

"फोडा, फोडा," झवेरबेन भिंतीकडे बघून म्हणाल्या. "आता कशी भिंतीची माया येत नाही!"

"बा, हळू," सून तोरल म्हणाली. "ऐकू जाईल त्यांना."

"भिंत पातळ आहे म्हणून तर बोलते. जाड असती तर दारात जाऊन बोलले असते."

भिंतीपलीकडचं घर सेवंतीलालांचं. अहमदाबादेत पालडीला ही इमारत उभी राहिली तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, दोन्ही घरं एकाच जिन्याला लागून. त्यांतली तीस वर्षं सेवंतीलाल सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेला माणूस, पण हिरव्या शाईचं पेन काही खिशातून उतरलं नाही. पाण्याची मोटर किती वाजता सुरू करायची हेही हिरव्या शाईनं लिहून जिन्यात लावायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची जाळी वाजली. बाहेर पांढऱ्या दाढीचा एक माणूस उभा. कानाला खडू, कमरेला मोजपट्टी, सगळं अंग सिमेंटनं माखलेलं.

"बा, पाणी मिळेल? तिकडचा नळ बंद केलाय."

झवेरबेनांनी माठातलं पाणी दिलं. त्यांच्या घरी पाणी उकळून, गाळून माठात ओतायची रीत. तो एसी बसवणारा यासीनभाई. एका दमात तांब्या रिकामा करून म्हणाला, "उकळलेलं पाणी एवढं गार कसं हो?"

"माठ जुना आहे. त्याला गार राहायला कुणाची परवानगी लागत नाही."

यासीनभाईनं मान वर केली. "ओळखलंत तर मला."

"न ओळखायला काय झालं? बारा वर्षांपूर्वी माझी भिंत मोजून गेला होतास. तेव्हा दाढी काळी होती." त्यांनी तांब्या पुन्हा भरला. "आज काय मोजतोयस?"

"तीन एसी. घर जुनं आहे ना, बा, म्हणून आधी सगळं आखून घ्यावं लागतं. लोक उलटं करतात. आधी रंग, पडदे, पलंग, आणि मग मला बोलावतात. मग नळी भिंतीवरून सापासारखी लोंबते. सेवंतीसाहेबांनी शहाणपणा केला. आधीच बोलावलं. बाहेरचं मशीन कुठं बसणार ते पहिलं ठरवलं. आता तांब्याच्या नळ्या, पाणी जायचा पाइप, वायर, सगळं भिंतीत खाच पाडून बसवतोय. पाण्याच्या पाइपाला उतार दिलाय. वरून प्लास्टर, छताला पीओपी. आतून बघाल तर नळीचा मागमूस नाही."

"आणि बाहेरचे डबे?"

"मागच्या डक्टमध्ये, स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात तिथं, छज्ज्यावर. तिन्ही नळ्यांची तोंडं एका ठिकाणी काढलीत."

"पुढच्या भिंतीला का नाही?"

यासीनभाईनं दाढी खाजवली. "पुढं लावायचं नाही असा नियम आहे ना त्यांचाच."

"आहे तर," झवेरबेन म्हणाल्या. "माझ्यासाठीच केला तो." मग अगदी सहज, जणू चहात आलं घालू का विचारावं तसं विचारलं, "आणि एकदा प्लास्टर झालं, रंग झाला, मग वाटलं जागा बदलावी, तर?"

"तर पुन्हा सगळं फोडायचं. म्हणूनच आधी आखायचं असतं, बा."

"अस्सं," झवेरबेन म्हणाल्या, आणि यासीनभाईला बसवून दोन थेपली वाढली.

*

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. झवेरबेनांचे पती अमुलखभाई पुढच्या खोलीत पडून होते. आयुष्यभर रतनपोळेत कापडाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस. त्याच्या पायांना सूज, छातीत पाणी. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताप यांना सोसणार नाही, खोली गार ठेवा. पुढच्या खोलीवर दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. रात्री भिंतीला हात लावला तरी तव्यासारखी.

मुलानं एसी आणला. खोका येऊन हॉलमध्ये उभा राहिला. यासीनभाई येऊन मोजून गेला. मागचा छज्जा लांब पडत होता, मधे बीम आडवा; मशीन पुढच्याच भिंतीला लागणार होतं. सोसायटीची परवानगी हवी म्हणून मुलानं अर्ज लिहिला, झवेरबेनांनी खाली सही केली. त्या तिसरीपर्यंत शिकलेल्या, सहीचं एकेक अक्षर त्यांना उचलून ठेवावं लागायचं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. वर हिरव्या शाईत, तिरकं लिहिलेलं: 'नामंजूर. दर्शनी भागाची शोभा बिघडते. पुढील सभेत विचार करू.'

पुढची सभा जूनच्या शेवटच्या रविवारी होती. अमुलखभाई नवव्या दिवशी गेले.

खोका तसाच हॉलमध्ये. भेटायला आलेली माणसं त्याला टेकून बसली. कुणी तरी पाण्याच्या पेल्यांचा ट्रे त्याच्यावर ठेवला. झवेरबेनांना त्या दिवसांतलं रडणं आठवत नाही, तो ट्रे आठवतो. मशीन परत गेलं, पण खोका त्यांनी ठेवून घेतला. त्यात गोधड्या भरल्या आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, तो अर्ज.

त्या नऊ दिवसांतली आणखी एक गोष्ट होती. रोज दुपारी एकच्या सुमारास झवेरबेनांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, छज्ज्यावर, टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा येऊन बसायचा. आत बर्फ. तो बर्फ त्या फडक्यात बांधून नवऱ्याच्या कपाळाला, पायांना लावायच्या. झाकणावर टोचून नाव कोरलेलं होतं: कलावती. सेवंतीलालांची बायको. दोन्ही घरांच्या खिडक्या डक्टच्या कोपऱ्यात काटकोनात, मधे आठ फुटांचा छज्जा. कलावती वाळत घालायच्या काठीनं डबा ढकलायची, संध्याकाळी रिकामा डबा तसाच परत जायचा. दोघींनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पुढं दर वर्षी भाद्रपदात, संवत्सरीच्या दिवशी, सगळे जैन एकमेकांची क्षमा मागतात तेव्हा, सेवंतीलाल जिन्यातल्या प्रत्येक दारापुढं हात जोडून उभे राहायचे. "मिच्छामी दुक्कडम्. जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा करा." वर्गणी मागितल्यासारखा आवाज, एका दारातून दुसऱ्या दारात. झवेरबेन जाळीच्या आतून म्हणायच्या, "अजाणता नव्हतं ते." आणि दार लावून घ्यायच्या. बारा वर्षं हेच.

*

अक्षय तृतीयेच्या आठवड्यात पलीकडचं ठोकणं थांबलं. प्लास्टर झालं, पीओपी झालं, रंगाचा वास जिन्यात आला. खालच्या मजल्यावरच्या बायका बघून आल्या आणि तोरलला सांगून गेल्या: जुन्या खिडक्या काढून अख्खी काच बसवलीय, कूलर ठेवायला फटसुद्धा नाही, आता फक्त मशीनं यायचीत.

त्या दुपारी तोरल बाजारातून आली तर सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळी बाजूला करून, कोळिष्टकं काढायचा लांब बांबू घेऊन, कमरेपासून वर अर्ध्या बाहेर.

"बा! पडाल! हे काय करताय?"

"जीवदया."

तोरलनं वाकून बघितलं. कुंडीखाली ठेवायची एक फुटकी मातीची थाळी बांबूच्या टोकानं सरकत सरकत छज्ज्यावरून सेवंतीलालांच्या बाजूला निघाली होती. थाळीत जुन्या झाडूच्या काड्या आणि मूठभर ज्वारी. भिंतीतून तिन्ही नळ्यांची तांबडी तोंडं बाहेर डोकावत होती, बरोबर त्यांच्याखाली थाळी जाऊन थांबली.

"पण बा, चार वर्षं तुम्ही कबुतरांना थाळी वाजवून हाकलताय! खिडकीला जाळी लावून घेतलीत!"

"माणसानं सुधारू नये का?" झवेरबेनांनी बांबू आत घेतला, हात धुतले. "तुझे सासरे रोज सकाळी कबुतरांना दाणे घालायचे. मीच अडवलं होतं त्यांना. आता सुरू करते."

"बा, हे बरोबर नाही."

"मग जाऊन सांग त्यांना. मीही सांगते तुझ्या आईला, लग्नात चांदीचे पेले किती हलके दिले होते ते."

तोरलनं पिशवीतली भाजी ओट्यावर ओतली. पेले खरंच हलके होते.

सहा दिवस झवेरबेन रोज ज्वारी टाकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक जोडी आली. नर घुमत घुमत थाळीभोवती फिरला, मादी आत बसून बघून गेली, पुन्हा आली. झवेरबेन खिडकीत बसून मूग निवडत तिच्याकडे बघत होत्या. "बस बाई," त्या हळूच म्हणायच्या. "जागा चांगली आहे. सेक्रेटरीची आहे."

सातव्या दिवशी एक अंडं. नवव्या दिवशी दुसरं. झवेरबेनांनी ज्वारीचा डबा फळीवर ठेवून दिला.

*

मशीनं आली त्या सकाळी यासीनभाई छज्ज्यावर उतरला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, इथं घरटं आहे!"

डक्ट म्हणजे भोंगाच. एक वाक्य टाकलं की चारही मजल्यांवर वाजतं. एकेक खिडकी उघडली.

सेवंतीलाल आपल्या स्वयंपाकघरातून बाहेर डोकावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढऱ्या मिशा कापून सरळ केलेल्या. "घरटं? काल-परवापर्यंत तर नव्हतं!"

"दोन अंडी आहेत, साहेब. नळीच्या बरोबर खाली. हळूच उचलून त्या कोपऱ्यात ठेवू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"यासीनभाई," झवेरबेन आपल्या खिडकीतून म्हणाल्या, आवाजात एवढा मध की तोरलच्या अंगावर काटा आला, "हात लावू नकोस हं. माणसाचा हात लागला की मादी परत बसत नाही. तुला माहीत नसेल, पण साहेबांना माहीत आहे. साहेब जनावरांच्या पांजरापोळेचे ट्रस्टी आहेत."

वरच्या मजल्यावरून कुणी तरी खोकलं. खालून एक बाई म्हणाली, "खरंच हो, पंचेंद्रिय जीव आहे, मोठं पाप लागतं."

इमारतीच्या फाटकावर पाटी होती: 'अबोल जिवांवर दया करा.' हिरव्या रंगात. कुणी लावली ते सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं घरटं काढून टाकलं तेव्हा सेवंतीलालांनी सभा बोलावून सगळ्यांसमोर त्याला उपासाचं प्रायश्चित्त सांगितलं होतं.

सेवंतीलालांच्या मिशा हलल्या. त्यांनी घरट्याकडे बघितलं, मग खालच्या मातीच्या थाळीकडे.

"ही थाळी कुणाची?"

"कबुतराची," झवेरबेन म्हणाल्या.

"दुसऱ्या जागी बसवता येईल का?" सेवंतीलालांनी यासीनभाईला विचारलं.

"तोंडं इथं काढलीत साहेब. पलीकडं सांडपाण्याचे पाइप आहेत, तिकडं मशीन उभंच राहणार नाही. आतून बदलायचं तर..." त्यानं काचेतून आतल्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. "पुन्हा सगळं फोडावं लागेल."

"अंडी फुटून पिल्लं उडायला किती दिवस?"

उत्तर झवेरबेनांनी दिलं. "दीड महिना. जूनच्या शेवटच्या रविवारपर्यंत मोकळं होईल बघा. सभा असते ना आपली, त्याच दिवशी."

आणि खिडकी लावून घेतली. मग तोरलला म्हणाल्या, "आज आमरस कर."

*

दुपारी त्यांनी तीन वाट्या आमरस खाल्ला. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकत होतं तेव्हा जाळी वाजली. सेवंतीलाल. हातात कागद, चार घड्या घातलेला.

"झवेरबेन, जय जिनेंद्र."

"जय जिनेंद्र. काय काम?"

"यासीन म्हणतो, एका मशीनला जागा होऊ शकते. नळी बाहेरून वाढवून, छज्ज्याच्या तुमच्याकडच्या टोकाला. पण ते तुमच्या खिडकीपासून सहा फुटांच्या आत येतं." ते थांबले. कागदाची घडी नखानं दाबून बसवली. "आणि आपला नियम अकरावा आहे की..."

"तुमचा नियम," झवेरबेन म्हणाल्या. "दुसऱ्याच्या खिडकीजवळ मशीन लावायचं तर त्याची लेखी परवानगी. चौथ्या मजल्याच्या मशीनचं पाणी तुमच्या पूजेच्या धोतरावर पडलं होतं, तेव्हा केलात. माझ्या लक्षात आहे. मला वाचता कमी येतं म्हणून मी लक्षात ठेवते."

त्यांनी कागद घेतला, तोरलकडे दिला. "वाच गं, काय लिहिलंय ते."

"'सविनय विनंती,'" तोरल वाचू लागली. सविनयवर झवेरबेनांनी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत मिटूनच ठेवले.

"छान लिहिलंय," वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "पुढील सभेत विचार करू."

सेवंतीलालांना ते शब्द ओळखू आले. तोंडाचा रंग उतरला. "झवेरबेन, माझ्यासाठी नाही मागत. मुलं काही येत नाहीत, एवढं सगळं मी कुणासाठी करणार? कलावतीला बुधवारी आणतोय."

झवेरबेनांचा हात जाळीवर थांबला. कलावतीला हिवाळ्यात झटका आला, अर्धं अंग गेलं, आधी इस्पितळ आणि मग बडोद्याला मुलीकडे, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती आता तिथंच राहणार असं त्या धरून चालल्या होत्या.

"मुलीच्या घरात लग्न आहे, पाहुणे येतात. आणि ही सारखी एकच म्हणते, घरी, घरी." सेवंतीलाल खाली बघत होते. "डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताप हिला सोसणार नाही. खोली गार ठेवा."

अगदी तेच शब्द. झवेरबेन बारा वर्षं वाट बघत होत्या की हे शब्द या माणसाच्या तोंडून, या दारात, या महिन्यात ऐकायला मिळावेत. मिळाले. गोडही लागले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दार लावलं.

त्या रात्री दोघींनी भांडी घासली, आणि भांडी जरा जास्तच वाजली.

*

बुधवारी दुपारी बारा वाजता कलावतीला खुर्चीत बसवून चार माणसांनी तीन जिने चढवलं. लिफ्ट नव्हती. 'पुढील सभेत विचार करू' या शब्दांनी अडलेल्या कामांत तीही होती. बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन. झवेरबेन जाळीमागं उभ्या होत्या. खुर्ची त्यांच्या दारावरून गेली. कलावतीची मान एका बाजूला कलली होती, लुगड्याचा पदर कपाळावरून सरकलेला, आणि हाताचं कातडं कागदासारखं. चढणाऱ्या माणसांचा घाम तिच्या पायांवर ठिबकत होता.

जेवण झालं. झवेरबेन दुपारी आडव्या पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. एक वाजला. उठून फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे काढला, डब्यात ओतला, टॉवेल गुंडाळला आणि पलीकडच्या दारात गेल्या. छज्ज्यावरून पाठवता आला असता. पण मधे अंडी होती.

खोली नवी कोरी होती. भिंती पांढऱ्या, कुठं नळीचा मागमूस नाही; खिडकीची काच छतापासून जमिनीपर्यंत, आणि त्यातून ऊन असं आत आलेलं की फरशी पायांना चटका देत होती. वरचा पंखा तीच गरम हवा ढवळत होता. सेवंतीलाल वहीच्या पुठ्ठ्यानं बायकोला वारा घालत बसले होते. झवेरबेनांना बघून उठले आणि बाजूला झाले.

झवेरबेनांनी बर्फ फडक्यात बांधला, कलावतीच्या कपाळाला लावला, मग तळपायांना. सवय होती. हात आपोआप चालत होते.

कलावतीनं एक डोळा उघडला. बराच वेळ बघत राहिली. मग अर्ध्या तोंडानं, एकेक अक्षर ढकलत, म्हणाली, "ब... र्फ... पोचला?"

सेवंतीलालांना वाटलं, आताच्या बर्फाबद्दल विचारतेय. "हो हो, आणलाय बघ त्यांनी," ते म्हणाले.

झवेरबेनांना ठाऊक होतं ती कुठल्या बर्फाबद्दल विचारतेय.

"पोचला, कलावती," त्या म्हणाल्या. "रोज पोचला. नऊच्या नऊ दिवस."

कलावतीनं डोळा मिटला. झवेरबेनांनी तिचा पदर नीट केला, उठल्या, आणि सेवंतीलालांना म्हणाल्या, "बाहेर या. जिन्यात."

*

घरी जाऊन त्यांनी खोका उघडला, गोधड्या काढून फेकल्या आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. जिन्यात सेवंतीलाल उभे होते. यासीनभाई खालच्या पायरीवर बसून नळीला गुंडाळायचा काळा फोम कापत होता. तोरल दारात.

"वाचा," झवेरबेनांनी अर्ज त्यांच्या हातात दिला.

कागद घड्यांवर पिवळा पडला होता. सेवंतीलालांनी पहिली ओळ बघितली आणि चष्मा काढला.

"चष्मा लावा. मोठ्यानं वाचा, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे. यासीनभाई, कात्री ठेव जरा."

सेवंतीलाल वाचू लागले. "'माझे पती श्री. अमुलखभाई हे आजारी असून... डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार खोली थंड ठेवणे आवश्यक...'" आवाज बँकेतला होता, पण दुसऱ्या ओळीला त्याला तडा गेला. खाली एक दार उघडलं, वर एक उघडलं.

"आता हिरवं वाचा."

"'नामंजूर,'" सेवंतीलाल म्हणाले. "'दर्शनी भागाची शोभा...'"

"पुढं."

"'...बिघडते. पुढील सभेत विचार करू.'"

"तारीख."

"सात मे."

"हे गेले सोळाला," झवेरबेन म्हणाल्या. "आता म्हणा. दर भाद्रपदात म्हणता तेच. पण जाणता-अजाणता नाही चालायचं. कशाबद्दल ते सांगून म्हणा."

डक्टमधून कबुतराचं घुमणं ऐकू आलं.

सेवंतीलालांनी कागद खाली केला. "खोली तापत होती हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "कलावती रोज रात्री सांगायची. रडायचीसुद्धा. मी एकदा नाही म्हटलं होतं. सेक्रेटरीचा शब्द फिरला असं कुणी म्हणू नये, म्हणून नाहीच म्हणत राहिलो. शोभेचं काही नव्हतं." त्यांनी हात जोडले, अर्ज हातांच्या मधे चुरगळला. "झवेरबेन, मिच्छामी दुक्कडम्."

उत्तरादाखल तेच शब्द परत म्हणायचे असतात. सगळा जिना वाट बघत होता. झवेरबेनांनी हात पुढं केला, पण पेनासाठी.

"द्या ते हिरवं."

तोरलनं सेवंतीलालांचा नवा अर्ज आणला. झवेरबेनांनी तो भिंतीला लावला आणि लिहायला लागल्या. म, मग त्यावर टिंब, मग जू, मग र. इतका वेळ लागला की यासीनभाईनं मान फिरवली. अक्षरं वाकडी आली, पण मोठी आली. खाली आणखी लिहिलं: 'एकच. कलावतीच्या खोलीचं.'

"बाकीची दोन जूनपर्यंत खोक्यात उभी राहू देत," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये ठेवा. वर ट्रे ठेवायला बरी पडतात." पेन त्यांनी परत दिलं नाही, आपल्या कमरेला खोचलं. "यासीनभाई, चार वाजायच्या आत मशीन चालू झालं पाहिजे. आणि घरट्याकडनं जपून उतर."

घरात आल्यावर तोरल म्हणाली, "बा, त्यांनी एवढं म्हटलं. तुम्ही उलट म्हणाला नाहीत."

"भाद्रपदात बघू," झवेरबेन म्हणाल्या.

आणि थाळी कुणाची, हे सेवंतीलालांनी पुन्हा विचारलं नाही. झवेरबेनांनीही सांगितलं नाही. सांगायचं झालं तर कलावतीला सांगावं लागलं असतं, आणि तिच्यापुढं ते तोंडातून निघालं नसतं.

*

मशीनचा गरम वारा थेट झवेरबेनांच्या ओट्यावर. आत गॅस, बाहेरून तो झोत. पोळी तव्यावर टाकायच्या आधीच कडेनं सुकायला लागायची. तोरल म्हणाली, खिडकी लावून घेऊ. झवेरबेन म्हणाल्या, नाही, उघडी राहू दे. मुद्दाम खिडकीसमोरच उभं राहून लाटायच्या, चेहरा लालबुंद, घाम पुसत. पलीकडच्या काचेतून सेवंतीलालांना दिसायलाच हवं होतं. त्यांच्या बायकोला मिळणारा गारवा कुणाच्या चुलीवरून जातो, हे त्या माणसाला दिवसातून दोनदा बघावं लागत होतं. झवेरबेनांच्या मते थप्पड दोन मिनिटांत थंड होते. उपकार नाही होत.

छज्ज्यावर अंडी फुटली. दोन कुरूप, पिवळट केसांची पिल्लं थाळीतून चोची वर करू लागली.

चौथ्या दिवशी झवेरबेनांच्या लक्षात आलं की त्या लाटायला उभ्या राहिल्या की झोत थांबतो. अकरा वाजता बंद, साडेअकराला, पोळ्या झाल्या की पुन्हा चालू. पाचव्या दिवशीही तेच. त्यांनी पलीकडं बघितलं. काचेमागं सेवंतीलाल उभे होते, हातात रिमोट, मान खाली. त्यांच्या मागं पलंगावर कलावती होती, आणि कपाळावर ओला रुमाल.

झवेरबेनांनी लाटणं उचललं, खिडकीच्या चौकटीवर तीनदा आपटलं. कबुतरं उडाली, पुन्हा बसली. चारही मजल्यांवर खिडक्या उघडल्या.

"चालू करा ते, सेवंतीभाई!" त्या ओरडल्या. "जागा कलावतीला दिलीय, तुमच्या लाजेला नाही!"